अब्बांचे दुःख करायचे राहूनच गेले

अब्बांच्या इंतकालाची खबर मी त्या दिवशी निदान चाळीस-पन्नास जणांना फोनवर दिली असेल. जवळजवळ प्रत्येकाने आधी इन्नालिल्लाह म्हटले आणि लगेच एकच प्रश्न विचारला, ‘‘कोविड होता का?’’ मी ‘‘नाही, हार्ट अटॅक आला’’ असे सांगितले की पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडलेला मला ऐकू यायचा. ‘‘मग दफन तरी नीट होईल, बेटा,’’ असे एक खाला म्हणाल्या. त्या चुकीचे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरची अशी खबर आली की आम्हीही तेव्हा हेच विचारत होतो. पण संध्याकाळी फोन खाली ठेवला तेव्हा लक्षात आले, ‘‘तुझे अब्बा कसे होते, शेवटी काय बोलले,’’ हे मला कोणीच विचारले नव्हते.

तो दिवस होता २६ एप्रिल २०२१, रमजानचा तेरावा रोजा. त्या आठवड्यात देशात काय चालले होते, ते वाचकांना आठवत असेलच. २१ एप्रिलला नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी, २३ तारखेच्या पहाटे, आमच्याच पालघर जिल्ह्यात विरारच्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि तेरा जणांचा जीव गेला, पुढे हा आकडा आणखी वाढला. महिना संपता संपता देशात एका दिवसात चार लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडू लागले. टीव्हीवर रात्रंदिवस चिता जळताना दिसत होत्या.

अशा दिवसांत डहाणूच्या एका गल्लीत, एसटीतून रिटायर झालेला चौऱ्याहत्तर वर्षांचा एक कंडक्टर सहरीला उठला. अर्धा ग्लास पाणी प्याला आणि ‘‘छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते,’’ म्हणाला. रुग्णवाहिका सगळ्या कोविडच्या फेऱ्यांवर होत्या. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली. फजरची अजान व्हायच्या आत, रस्त्यातच अब्बा गेले.

वीस माणसांची यादी

मी तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि तिथेच राहते. माहेर डहाणूला, म्हणजे तासाभराच्या अंतरावर. जिल्हा एकच, म्हणून पास लागला नाही. तरी नाक्यावर पोलिसांना ओळखपत्र दाखवून, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी पोहोचले तेव्हा अब्बांची अँटीजेन टेस्ट निगेटिव्ह येऊन मय्यत घरी आणली होती. अम्मी भिंतीला टेकून बसली होती. तिने मला जवळ ओढले नाही. हाताने ‘तिथेच बस’ अशी खूण केली. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या शाळेतले दोन शिक्षक पॉझिटिव्ह निघाले होते आणि ते तिला माहीत होते.

अंत्यविधीला वीसच माणसे, असा सरकारचा नियम होता. माझा धाकटा भाऊ दारात कागद-पेन घेऊन यादी करत बसला. अब्बांनी एकतीस वर्षे एसटीत काढली. कासा, उधवा, तलासरी, बोर्डी अशा सगळ्या मार्गांवर त्यांना नावाने ओळखणारी माणसे होती. एरवी जनाजा निघाला असता तर गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नसती. भाऊ नाव लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. चुलत्यांच्या तीन मुलांपैकी एकालाच घेता आले. बाकीच्या दोघांच्या मनातून ते अजून गेलेले नाही. त्यांचाही दोष नाही आणि माझ्या भावाचाही नाही.

मोठे भाईजान कुवेतला असतात. कुवेतने २४ एप्रिलपासून भारतातून येणारी-जाणारी थेट विमाने बंद केली होती. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मिट्टी पाहिली. मध्येच नेटवर्क गेले. पुन्हा फोन लागला तोवर लोक हात झटकून निघाले होते. अब्बांबरोबर अनेक वर्षे एकाच गाडीवर काम केलेले ड्रायव्हर काका कब्रस्तानच्या फाटकाबाहेर हात जोडून उभे होते. त्यांचे नाव यादीत नव्हते, म्हणून त्यांनी आत पाऊल टाकले नाही.

रात्री शेजारच्या खालांनी खिचडीचे पातेले उंबऱ्याशी ठेवले, कडी वाजवली आणि मागे सरकल्या. मय्यतीच्या घरी जेवण पाठवणे ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ह. जाफर (रजि.) मूताच्या लढाईत शहीद झाल्याची बातमी आली, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला प्रेषितांनी सांगितले होते. खालांनी ते त्या दिवसांतही सोडले नाही. त्या पातेल्यासाठी मी आजही दुआ करते.

आम्ही नशीबवान होतो?

अब्बांना आपल्या गावच्या मातीत, गुस्ल-कफनासह दफन मिळाले. हे सगळ्यांच्या नशिबी नव्हते, म्हणून आम्ही एकमेकांना ‘नशीबवान’ म्हणत होतो. त्यामागे वर्षभराची भीती होती. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने एक परिपत्रक काढले होते. कोविडने मृत्यू झालेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे, असे त्यात म्हटले होते. ते त्याच दिवशी बदलले गेले. मग वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठाने, ती मागणी फेटाळली. मृतदेहातून हा रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

निकाल लागला तरी भीती मनातून गेली नव्हती. म्हणून ‘दफन नीट झाले’ एवढ्यावरच आम्ही शुक्र मानला आणि गप्प झालो. जणू दफन नीट झाले की रडण्याचा हक्क संपला.

आणि रडायचे तरी कशासाठी? आमच्या गल्लीतल्या एका घरात नऊ दिवसांत आई आणि मुलगा दोघे गेले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील अडतिसाव्या वर्षी गेले. माझे अब्बा चौऱ्याहत्तरचे. मुलांची लग्ने झालेली, हजची इच्छा सोडली तर काही बाकी नाही. मी कोणत्या तोंडाने रडू? कोणी ‘‘अब्बा गेल्याचे कळले,’’ म्हटले की मीच पटकन म्हणायची, ‘‘हो, पण वय झाले होते. लोकांवर काय काय वेळ आली आहे, आमचे काय!’’ लोकही मान हलवायचे. विषय संपायचा.

चौथ्या दिवशी मी तलासरीला परतले. सर्वेक्षणाचे काम होते. आदल्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत मी पाड्यापाड्यावर फिरून तापमान आणि ऑक्सिजन लिहून घेतला होता. या वर्षीही तसेच रजिस्टर हाती आले. घरातील माणसे किती, ताप कोणाला, मृत्यू झाला असल्यास कोविडने की अन्य कारणाने. ‘अन्य कारण’ या रकान्यात खूण करताना माझा हात पहिल्यांदा थांबला. पण मागे अजून बारा घरे होती. मी पुढे गेले.

अब्बा कोणत्या आकड्यात?

हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस छळत राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळू लागले. आम्हाला त्या पैशाची अपेक्षा नव्हती. पण अर्ज भरायला मदत मागणारे पालक माझ्याकडे यायचे, तेव्हा मनात यायचे, कोविड नसता तर रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली असती का? अब्बा वाचले असते का? आजाराने नेले नाही, त्या दिवसांनी नेले, असे म्हणायचे का?

५ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या ‘जादा मृत्यूं’चा अंदाज जाहीर केला. एरवी जेवढे मृत्यू झाले असते त्याहून किती जास्त झाले, असा तो हिशेब. जगात सुमारे १ कोटी ४९ लाख आणि त्यात भारतात सुमारे ४७ लाख, असे संघटनेचे म्हणणे होते. आपल्या सरकारची २०२१ अखेरची नोंद पावणेपाच लाखांच्या आसपास होती आणि संघटनेची पद्धत सरकारने मान्य केली नाही. तो वाद तज्ज्ञांचा आहे. माझी नजर वेगळ्याच वाक्यावर अडली. या हिशेबात फक्त विषाणूने गेलेले नव्हते. रुग्णालये भरून गेल्यामुळे ज्यांना दुसऱ्या आजारावर वेळेत उपचार मिळाले नाहीत, असेही त्यात धरलेले होते.

म्हणजे अब्बांनाही कुठेतरी जागा होती. क्षणभर बरे वाटले. मग लक्षात आले, सत्तेचाळीस लाखांत त्यांना मोजले काय आणि न मोजले काय, मी त्यांच्यासाठी अजून रडलेलेच नाही. आकडा मोठा झाला म्हणून माझे काम त्याने केलेले नाही. आणि ‘वाचले असते का’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. मौतीची घटिका अल्लाहच्या हाती आहे, एवढे मी अम्मीकडून शिकले आणि तो प्रश्न तिथे ठेवून दिला.

ह. जाबिर (रजि.) यांची गोष्ट

उहुदच्या लढाईचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. हिजरी सन तीन. एका दिवसात सत्तर मुसलमान शहीद झाले. मदिन्यासारख्या लहान वस्तीत क्वचितच एखादे घर सुटले असेल. खुद्द प्रेषितांचे चुलते ह. हमजा (रजि.) त्यांत होते. सगळ्या समाजावर कोसळलेले ते संकट होते.

त्या सत्तरांत ह. जाबिर (रजि.) यांचे वडील ह. अब्दुल्लाह (रजि.) होते. ह. जाबिर तेव्हा तरुण होते. वडिलांच्या मय्यतीवर कापड टाकलेले होते. ते पुन्हा पुन्हा कापड बाजूला करून वडिलांचा चेहरा बघत आणि रडत. लोक त्यांना थांबवत होते. हदीसमध्ये ह. जाबिर स्वतः सांगतात की लोकांनी मला मना केले, पण प्रेषितांनी मना केले नाही. त्यांची आत्याही रडत होती. प्रेषितांनी तिला सांगितले की तू रड किंवा न रड, फरिश्ते याच्यावर आपल्या पंखांची सावली धरून होते.

ही हदीस मी पूर्वी वर्गात मुलांना सांगितली होती. पण तिच्यातली ही गोष्ट मला अब्बांच्या नंतरच दिसली. प्रेषितांचे स्वतःचे चुलते समोर होते, सत्तर मय्यती होत्या. तरीही त्यांनी या तरुणाला असे म्हटले नाही की बाकीच्यांकडे बघ, तुझे एकट्याचे काय.

पुढचा भाग आणखी विचार करायला लावणारा आहे. उहुदच्या शहिदांना दोघा-दोघांना मिळून एका कबरीत दफन करावे लागले होते. ह. जाबिर यांच्या वडिलांबरोबरही दुसरे एक शहीद होते. ह. जाबिर यांच्या मनाला चैन पडेना. सहा महिन्यांनी त्यांनी वडिलांना तिथून काढून वेगळ्या कबरीत ठेवले. बुखारी शरीफमध्ये ही नोंद आहे. कबर हलवण्याचा मसला आलिमांनी सांगायचा, मी त्यात पडत नाही. मला त्या मुलाचे मन कळले. शहादतीची शान कमी होती म्हणून नव्हे, सोबती परका होता म्हणूनही नव्हे. आपल्या बापाला त्याची स्वतःची जागा असावी, एवढेच त्याला हवे होते.

माझे अब्बाही सहा महिने एका मोठ्या, सामायिक दुःखात ठेवलेले होते.

‘कंडक्टर मास्तर दिसत नाहीत?’

४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातल्या शाळा पुन्हा सुरू झाल्या. अम्मीची इद्दत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली होती. चार महिने दहा दिवस ती अब्बांच्या खाटेसमोर बसून राहिली आणि सोबतीला येऊन बसणारे कोणी नव्हते. एका रविवारी तिला भेटून मी एसटीने तलासरीला परतत होते. शेजारी एक वयस्क वारली बाई बसली होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिले. मी कंडक्टर मास्तरांची मुलगी ना, असे विचारले. मग म्हणाली की बरेच दिवसांत ते दिसले नाहीत.

मी सांगितले, गेले. रमजानमध्ये.

तिने कोविडचे विचारले नाही. ती म्हणाली, तिचा मुलगा तापाने फणफणला होता, तेव्हा अब्बांनी रात्रीची शेवटची गाडी तिच्या पाड्याच्या फाट्यावर थांबवून ठेवली होती. मुलाला घेऊन ती पोहोचेपर्यंत गाडी हलली नाही. उतारू ओरडत होते. अब्बा म्हणाले होते, ओरडा, पण गाडी पोर आल्याशिवाय सुटणार नाही. तो मुलगा आता वापीला कंपनीत कामाला आहे.

ही हकिकत आम्हा भावंडांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. मी मास्कच्या आत रडू लागले आणि तलासरीपर्यंत रडतच राहिले. बाईने माझा हात धरून ठेवला. पाच महिन्यांनी आलेली ती माझ्या अब्बांची पहिली खरी ताजियत होती.

आपल्याला काय करता येईल?

मी आलिम नाही, शिक्षिका आहे. पण या अनुभवातून जे शिकले, ते माझ्या बहिणींना सांगावेसे वाटते. कारण अशी वेळ कोविडपुरती नव्हती. त्याच वर्षी २२ जुलैला महाडच्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी कोकणात कुठल्यातरी घरात एखादी आई साध्या आजारानेही गेली असेल आणि तिच्या मुलांनाही माझ्यासारखीच रडण्याची लाज वाटली असेल.

दुःखाची तुलना करू नये, दुसऱ्याच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही. ‘‘तुमचे तरी वय झाले होते’’ हे वाक्य सांत्वनासारखे वाटते, पण ते ऐकणाऱ्याचे तोंड बंद करते. सब्र म्हणजे न रडणे नव्हे. प्रेषितांचे डोळेही आपल्या लेकरासाठी भरून आले होते. मना आहे ती छाती बडवण्याला आणि अल्लाहविषयी तक्रार करण्याला.

खबर मिळाली की पहिला प्रश्न मृत्यूचा न विचारता माणसाचा विचारावा. मरहूमची एखादी चांगली आठवण असेल तर ती सांगावी. घरच्यांना ती माहीत नसण्याची शक्यता असते.

उशीर झाला म्हणून गप्प राहू नये. ताजियत तीन दिवसांत करावी असे आपण ऐकतो. पण जो गावात नव्हता, ज्याला येता आले नाही, त्याने नंतर केली तरी चालते, असे फिकहच्या जाणकारांनीच म्हटले आहे. आणि त्या दोन वर्षांत तर आपण सगळेच ‘येता न आलेले’ होतो.

दुःखाला कामाची जोड द्यावी. ह. जाबिर (रजि.) उदास दिसले तेव्हा प्रेषितांनी कारण विचारले. वडील गेले, मागे बहिणी आणि कर्ज आहे, असे त्यांनी सांगितले. पुढे प्रेषित स्वतः त्यांच्या खजुरीच्या बागेत गेले, दुआ केली आणि सावकारांना मापून दिल्यावरही खजूर उरले. आम्हीही बसून अब्बांचे देणे-घेणे तपासले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे सहाशे चाळीस रुपये निघाले. तो नको म्हणत होता, भावाने हातात ठेवले. वडिलांच्या दोस्तांशी चांगले वागणे ही मोठी नेकी असल्याचे हदीसमध्ये आहे. म्हणून भाऊ ड्रायव्हर काकांना घेऊन कब्रस्तानात गेला. या वेळी ते फाटकाच्या आत आले. परतल्यावर त्यांनी आमच्या ओट्यावर बसून चहा घेतला आणि अब्बांच्या खोड्या सांगून अम्मीला हसवले. तिला हसताना मी कितीतरी महिन्यांनी पाहिले.

भाईजान पुढच्या वर्षी सुटीवर आले. तेव्हा आम्ही तिघे भावंडे अम्मीला मध्ये घेऊन एक पूर्ण रात्र फक्त अब्बांविषयी बोललो. कोणी बातम्यांचा विषय काढला नाही. मी एका शंभर पानी वहीत सगळे लिहून ठेवले आहे. वारली बाईंची हकिकत पहिल्या पानावर आहे. नातवंडांनी विचारले तर आजोबा कसे गेले हे सांगायला एक ओळ पुरेल. ते कसे होते, यासाठी बाकीची वही आहे.

वाचक भगिनींनो, आपल्या ओळखीत असे एखादे घर नक्की असेल, जिथे २०२० किंवा २०२१ मध्ये कोणाची आई किंवा वडील गेले आणि आपण एका मिनिटाच्या फोनवर ताजियत उरकली. या आठवड्यात तिथे जाऊन या. बसा. त्यांचे नाव घ्या. काही आठवत असेल तर सांगा, नसेल तर ऐका.

अल्लाह त्या दिवसांत गेलेल्या सर्वांची, मोजलेल्यांची आणि न मोजलेल्यांची, मगफिरत करो आणि मागे राहिलेल्यांना सब्र देवो. आमीन.